घरच्या माणसासाठी जुनी पिकअप घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला, धाकट्या भावाला किंवा भाच्याला ‘एखादी पिकअप घेऊन देऊ, चार पैसे सुटतील’ असं घरात ठरलं की सगळी चर्चा इंजिन, टायर आणि भाव यांच्याभोवती फिरते. गाडी मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी अडकते. ती एकाच्या नावावर असते, हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून जातो, चालवणारा तिसरा असतो आणि विम्यात त्या तिसऱ्याला जागाच नसते. म्हणून खालच्या प्रश्नांत यंत्राइतकीच नात्यांची आणि कागदांची बाजू घेतली आहे. सगळी उदाहरणं महाराष्ट्रातल्या मालवाहू, पिवळ्या पाटीच्या गाड्यांची आहेत.

छोटा हत्ती घ्यावा की बोलेरो पिकअप?

आधी माल ठरवा, मग गाडी. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला आणि गल्लीबोळातली वाहतूकच बदलून गेली. जुन्या डिझेल एसचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. पाऊण टनाच्या आसपास माल, शहरातली भाडी, किराणा, फर्निचर, पाण्याचे जार या कामांना ती उत्तम. तीच गाडी रोज घाट चढवून मार्केट यार्डाला पाठवायची असेल तर दोन वर्षांत इंजिनाचं काम निघणार हे धरून चाला.

शेतमाल, खत, जनावरांचा चारा, कच्चे रस्ते असं काम असेल तर अडीच लिटर इंजिनाची बोलेरो पिकअप जास्त टिकते. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि ती उघडता येणारा मिस्त्री जवळपास प्रत्येक बाजारगावात असतो. अशोक लेलँडचा दोस्त २०११ साली आला. महामार्गावर आणि शहरात तो चांगला चालतो, पण घेण्याआधी तुमच्या भागात त्याचं काम करणारा मिस्त्री आहे का ते बघा. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोल आणि सीएनजीवर हलक्या मालासाठी चांगली. सीएनजीची गाडी घेताना टाकीची तपासणी बघायला विसरू नका. ती दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तारीख टाकीवरच्या पाटीवर असते.

गाडी कोणती हे चालवणाऱ्याला विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठी गाडी शोभून दिसते म्हणून पोरगा रिकामी पिकअप घेऊन गावात फिरतोय, असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं.

किती जुनी गाडी घ्यावी?

पाच ते आठ वर्षांची. त्याहून नवी असेल तर किंमत नव्या गाडीच्या जवळ जाते. त्याहून जुनी असेल तर पासिंगचा, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचा, ताप वाढतो. मालवाहू गाडीला आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी लागतं, त्यानंतर दर वर्षी. पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी कितीतरी पटींनी वाढते, म्हणून चौदा वर्षांची गाडी ‘स्वस्तात मिळतेय’ असं कोणी म्हणालं तर ती का स्वस्त आहे हे उघड आहे.

दुसरी रेघ १ एप्रिल २०२० ची. त्या दिवसापासून देशभर बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक लागू झालं. त्याआधीच्या बीएस-४ डिझेल गाड्या दुरुस्तीला सोप्या आणि गावच्या मिस्त्रीच्या हातातल्या. बीएस-६ मध्ये धुराची गाळणी, सेन्सर आणि काही मॉडेलांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. गाडी स्वच्छ चालते, पण बिघडली तर स्कॅनर लागतो. घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत स्कॅनरवाला मिस्त्री नसेल तर मी अजूनही चांगली बीएस-४ शोधेन.

गाडी कोणाच्या नावावर घ्यावी? पैसे वडील देणार, चालवणार मुलगा.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझं उत्तर : जो चालवणार त्याच्याच नावावर, फार मोठी अडचण नसेल तर.

कारण विम्यात आहे. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा येतो. तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, आणि तोही त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. आईच्या नावावर गाडी घेतली, आईकडे लायसन्स नाही आणि गाडी मुलगा चालवतो, तर मुलाला काही झाल्यावर हा १५ लाखांचा आधार त्याला लागू होत नाही. पगारी ड्रायव्हरसाठी पॉलिसीत वेगळा हप्ता भरून जोखीम घेता येते, पण घरचा मुलगा पगारी नोकर आहे हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. म्हणजे रोज रस्त्यावर असणारा माणूसच उघड्यावर राहतो.

कर्ज वडिलांची पत बघूनच मिळत असेल, किंवा मुलाचं वय-उत्पन्न बसत नसेल, तर मुलाला मुख्य कर्जदार आणि वडिलांना सहकर्जदार किंवा जामीनदार करता येतं का ते फायनान्सवाल्याला विचारा. तेही जमलं नाही आणि गाडी वडिलांच्याच नावावर आली, तर चालवणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढा, आणि प्रस्तावात ‘मालवाहू वाहनचालक’ हाच व्यवसाय लिहा. ‘शेती’ लिहून हप्ता कमी करायच्या नादात दावा नाकारला जाऊ शकतो.

दुसरी बाजूही सांगतो. गाडी ज्याच्या नावावर, अपघाताच्या दाव्यात नोटीस त्याच्याच घरी येते. जावयासाठी घेतलेली गाडी सासऱ्याच्या नावावर असेल तर कोर्टात सासरा उभा राहतो. घरात आज सगळं गोड आहे म्हणून हा विचार पुढे ढकलू नका.

साधं कार चालवायचं लायसन्स चालतं का? बॅज लागतो?

एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा बॅज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली असा निकाल दिला होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच कायम केला. पिकअप, दोस्त, एस सगळ्या या वजनाच्या कितीतरी खाली आहेत. गॅस सिलिंडर, रसायनं असा धोकादायक माल असेल तर मात्र वेगळी नोंद लागते.

वयाची अट विसरली जाते. मालवाहू गाडी चालवायला वीस वर्षं पूर्ण हवीत. अठराव्या वर्षी लायसन्स हातात आलं म्हणून बारावी झालेल्या मुलाला पिकअप देऊ नका.

परमिट लागतं का?

आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३,००० किलो किंवा कमी असेल तर नाही. त्याहून जास्त असेल तर लागतं. एकाच नावाच्या पिकअपचे वेगवेगळ्या वजनांचे प्रकार आहेत, त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या पिकअपला लागत नाही’ हे उत्तर धरू नका, आरसी वाचा.

गाडी बघायला जाताना काय काय बघायचं?

सकाळी जा, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. इंजिन कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. थंड डिझेल इंजिन किती वेळात उचलतं, सुरुवातीला किती थरथरतं, कुठल्या रंगाचा धूर मारतं, यावर निम्मं कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोची तक्रार. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतोच. गाडी गरम झाल्यावरही तो थांबला नाही तर कूलंट आत जातंय का बघावं लागेल. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा. हवेचा भपका जोरात बाहेर आला तर रिंग-पिस्टनचं काम आलं.

त्यानंतर इंजिन सोडा आणि चासीखाली जा. इंजिन खोलून नवं करता येतं, वाकलेली चासी कायमची डोकेदुखी. केबिनच्या मागच्या बाजूला आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरपाशी वेल्डिंगच्या रेघा, ताजा काळा रंग, जादा पट्ट्या आहेत का ते टॉर्चने बघा. एकाच ठिकाणी ताजा रंग असेल तर तो का मारला ते विचारा. पाटे मोजा : दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, कोणी जादा पाटा घातला आहे का? जादा पाटा म्हणजे ही गाडी ओव्हरलोड चालत होती, याचा मालकाने स्वतःच दिलेला पुरावा. ओल्या किंवा धुळीच्या वाटेवर गाडी सरळ चालवून मागे वळून ठसे बघा. मागची चाकं पुढच्यांच्या ठशांवरून न जाता एका बाजूला सरकून चालत असतील तर गाडी कधीतरी जबर आपटली आहे किंवा एक्सल सरकला आहे.

चालवून बघताना रिकामी चालवू नका. मालकाला म्हणावं, चार-पाच क्विंटल काहीही टाका, वाळूच्या गोण्या असल्या तरी चालतील. चढावर क्लच घसरतो का, उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा गिअर उडतो का, चाळीस-पन्नासच्या वेगात मागच्या हौसिंगमधून (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यातून) रडल्यासारखा आवाज येतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे भरल्या गाडीतच समजतं. स्टिअरिंगमध्ये मोकळी खेळ जास्त असेल तर पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. पुढे पाट्यांवरचा सरळ एक्सल असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ एसमध्ये, किंग पिन आणि बुश गेलेले असतात.

हौद्यातलं मॅट किंवा प्लायवूड उचलायला लावा. खाली पत्रा कुजलेला निघाला तर भावात धरा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते पण टायर सात वर्षांचे आहेत, असं हमखास निघतं.

मिस्त्री स्वतःचा न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको, एजंटने आणलेला नको. त्याची दिवसाची मजुरी द्या, आणि गाडी घेतली नाही तरी द्या. ‘सौदा झाला तर पैसे’ म्हटलं की मिस्त्रीचं मतही सौद्याच्या बाजूला झुकतं.

मीटरवर ६०,००० किलोमीटर आहेत. खरं मानायचं?

भाड्याची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस चालली तर वर्षाचे ३०,००० होतात. पाच वर्षांच्या गाडीचं मीटर ६०,००० दाखवत असेल तर एक तर ती शेतावरची घरची गाडी आहे किंवा मीटरला हात लागलाय. क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली बाजू, ड्रायव्हर सीटचा खड्डा हे खोटं बोलत नाहीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथली नोंद काढा.

कुठली गाडी सरळ नाकारावी?

मासळीची. बर्फाचं खारं पाणी चासीत मुरतं आणि वरून रंग मारला तरी आतून पापुद्रे सुटत राहतात. एमएच ०७ आणि ०८ म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या सगळ्याच गाड्या वाईट असं मुळीच नाही, पण किनाऱ्यावरच्या गाडीच्या खाली दुप्पट वेळ घालवा. खतं वाहिलेल्या गाडीचाही हौदा असाच खाल्लेला असतो.

वाळूची गाडी दोन कारणांनी नको. एक, तिचे पाटे, हौसिंग आणि चासी पिळून निघालेले असतात. दोन, अवैध वाळू वाहताना महसूल खात्याने ती पकडलेली असेल तर दंडाचं प्रकरण तहसीलमध्ये शिल्लक असू शकतं. गावात दोन ठिकाणी चौकशी केली तरी कळतं. तसंच, दिल्लीकडून एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन आलेली स्वस्त डिझेल गाडी. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या बाहेर विकल्या जातात. गाडी चांगली असू शकते, पण इथे नवी नोंदणी आणि कर भरेपर्यंत स्वस्ताई संपलेली असते.

कोणते कागद बघायचे?

आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, कराची पावती आणि लागू असेल तर परमिट. सगळ्यांच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे, बोजा (कर्जाची नोंद) आहे का, हे समोर येतं. ई-चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर वेगळं तपासा. पाच-सहा वर्षांच्या भाड्याच्या गाडीवर चलनांचा ढीग निघतो आणि तो कोण भरणार हे इसार देण्याआधी ठरलेलं बरं.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. चासीवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. नसेल तर आधी मालकालाच बसवायला सांगा. फिटनेस संपून महिने उलटले असतील तर विलंब शुल्क साचलेलं असतं, शिवाय पासिंगला नेण्याआधी लाइट, रिफ्लेक्टर पट्ट्या, ब्रेक, हौद्याचा पत्रा सगळं करावं लागतं. ‘फक्त पासिंग बाकी आहे’ या वाक्याची किंमत बऱ्याचदा तीस-चाळीस हजार रुपये निघते.

विकणारा म्हणतो नोटरी करू, नावावर नंतर करू. चालेल?

नाही. कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच स्पष्ट केलं : गाडी विकली, ताबा दिला, पुढे आणखी हातबदल झाले, तरी आरसीवर नाव असलेल्या माणसाला अपघाताच्या भरपाईतून सुटका नाही. म्हणजे शहाण्या विक्रेत्यालाच ट्रान्सफरची घाई हवी. त्याला ती नसेल तर बहुधा बोजा उतरलेला नाही, किंवा तोही मूळ मालक नाही.

नाव बदलायला लागतात : फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या, बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथल्या एनओसीचा फॉर्म २८. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने आधी गाडी यायला हवी. मुलाच्या सहीवर ‘बापाची गाडी’ घेऊ नका, त्याच्या बहिणींच्या सह्या नंतर शोधत फिराल.

पैसे टप्प्याने द्या. थोडा इसार लेखी पावतीवर, मोठी रक्कम बँकेतून, आणि शेवटचे पंचवीस-तीस हजार नाव चढल्यावर. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे विकणाऱ्याला आठवण करून दिलं की तोही बँकेला तयार होतो.

हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली गाडी यार्डातून घ्यावी का?

स्वस्त मिळते, पण चालवून बघायला मिळत नाही, बॅटरी मेलेली असते आणि सहा महिने उभ्या गाडीचे टायर-सील गेलेले असतात. लिलावात अनुभवी मिस्त्री सोबत असेल तर जा. पहिलीच गाडी असेल तर जाऊ नका.

फायनान्सवाला ‘फक्त दहा टक्के’ म्हणतो. चांगला दर आहे ना?

विचारा : फ्लॅट (पूर्ण मुदत मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिल्लकेवर (उरलेल्या रकमेवरच व्याज)? चार लाखांचं कर्ज, तीन वर्षं. फ्लॅट दहा टक्क्यांनी व्याज होतं १,२०,००० आणि हप्ता १४,४४४. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने जवळजवळ अठरा टक्क्यांचा आहे. तीच रक्कम बँकेने चौदा टक्के घटत्या दराने दिली तर हप्ता येतो साधारण १३,६७०. ऐकायला चौदा मोठे आणि दहा लहान, खिशातून जाताना उलटं. शिवाय प्रोसेसिंग फी, कर्जासोबत चिकटवलेला विमा आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड हे तीन आकडे कागदावर मागा. गावच्या पतसंस्थेचा दरही याच पट्टीने मोजा.

विमा जुन्या मालकाचा चालू आहे. तोच पुढे चालवला तर?

थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यायचं असतं. ते झालं नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच, तो गाडीबरोबर मिळत नाही.

नवा हप्ता पाहून धक्का बसू देऊ नका. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता, जीएसटी वेगळा. कारच्या हप्त्याशी याची तुलनाच नको. संपूर्ण विमा घेत असाल तर एजंटला ‘आयएमटी २३ हे जादा कलम आहे का’ एवढंच विचारा. ते नसेल तर मालवाहू गाडीचे दिवे, टायर, मडगार्ड, बंपर यांचं नुकसान बऱ्याच अंशी भरून मिळत नाही, आणि पिकअपचं पहिल्यांदा फुटतं तेच.

घेतल्यावर पहिलं काम कोणतं?

भाडं मारायला पाठवू नका. किंमतीच्या पंधरा टक्के तरी आधीच बाजूला ठेवलेले असायला हवेत, साडेचार लाखांची गाडी असेल तर पासष्ट-सत्तर हजार. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअर आणि हौसिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट हे सगळं एकदम बदला, मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. चारही चाकं उघडून लायनर आणि बेअरिंग बघा. फॅन बेल्ट, रेडिएटरचे पाइप आणि बॅटरीचे टर्मिनल ही किरकोळ कामं आहेत, पण रात्री दोन वाजता माळशेज घाटात गाडी थांबते ती यांच्यामुळेच.

रोजची देखभाल कोणी आणि कशी करायची?

चालवणाऱ्याने, सकाळी, पाच मिनिटं. ऑइलची पट्टी, कूलंट, टायरची हवा, खाली कुठे थेंब पडलाय का. टर्बो असलेली गाडी लांबून किंवा घाट चढून आली की लगेच बंद न करता मिनिटभर रिकामी फिरू द्यावी. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची सवय मोडा, आत क्षार धरतो आणि मग हेड गॅस्केट जातं. डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू पावसाळ्यात वरचेवर सोडून बघा. कांद्याची फोलपटं, उसाच्या हंगामातली धूळ यांत एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीपर्यंत टिकत नाही.

ग्रीसिंग ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि असतील तिथे किंग पिन यांना नियमित ग्रीस मिळालं तर हजारोंचं काम टळतं. पाट्यांचं काम केल्यावर आठवड्याने यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, ते सैल पडतातच.

घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर घरचा असला तरी त्याला खाली उतरवा.

बीएस-६ गाडीत धुराच्या गाळणीचा दिवा लागतो. काय करायचं?

गावातल्या गावात छोट्या फेऱ्या झाल्या की गाळणीत काजळी साचते. ती जाळायला गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवा, तरी विझला नाही तर स्कॅनरवाला गाठा. दिवा दुर्लक्षित ठेवून चालवलं तर गाळणीच बदलावी लागते आणि ती महाग आहे. ‘गाळणी पोकळ करून देतो’ म्हणणारे मिस्त्री आहेत. पीयूसी आणि पासिंगला ते अंगाशी येतं. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घाला, साध्या ऑइलने गाळणी लवकर भरते.

सगळेच ओव्हरलोड भरतात. आपण नाही भरलं तर भाडं कसं परवडणार?

आरसीवर दोन वजनं असतात : रिकाम्या गाडीचं आणि एकूण. वजाबाकी केली की माल आणि माणसं मिळून किती हे निघतं. दीड टनाच्या गाडीत पन्नास किलोच्या कांद्याच्या तीस गोण्या बसतात. व्यापारी पन्नास भरायला सांगतो, म्हणजे अडीच टन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंड रोज होत नाही, टायर-पाटे-क्लच मात्र रोज झिजतात. व्यापारी जादा वीस गोण्यांचं भाडं देतो, क्लच प्लेटचे पैसे देत नाही. फाळक्यावर उंच लोखंडी जाळी आणि जड मचाण बसवलं असेल तर रिकाम्या गाडीचंच वजन वाढलेलं असतं, तेवढा माल कमी धरा.

मजूर, वऱ्हाड, देवदर्शनाची माणसं मागे बसवली तर?

बसवू नका. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ पासून सांगितलेलं आहे. मालासोबत चाललेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वेगळा, तोही केबिनमध्ये. मागे बसलेल्या वीस जणांपैकी एकाला जरी लागलं, तरी भरपाई गाडीच्या मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. भावकीच्या लग्नात ‘आपलीच तर गाडी आहे’ म्हणून नाही म्हणता येत नाही, हे मान्य. म्हणून नियम आधीच जाहीर करून ठेवा, म्हणजे चालवणाऱ्या पोराला वाईट व्हावं लागत नाही.

हप्ता मी भरतो, गाडी धाकटा भाऊ चालवतो. हिशेब कसा ठेवायचा?

पहिल्या दिवसापासून आणि वहीत. गाडीसाठी वेगळं बँक खाते काढा. सगळं भाडं त्यात जमा, सगळा खर्च त्यातून. भावाला ड्रायव्हर म्हणून ठरलेला मासिक पगार द्या, ‘लागेल तसे घे’ नको. ‘लागेल तसे’ म्हणजे दोघांनाही आपण जास्त दिलं असं वाटत राहणं.

एका फेरीचा हिशेब एकदा त्याच्यासोबत बसून मांडा. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, लिटरला बारा धरले तर पंचवीस लिटर, नव्वद रुपयांनी २,२५० रुपये डिझेल. टायर, ऑइल, दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे दोन रुपये बाजूला, ते ६००. टोल, हमाली, जेवण वेगळं. त्यावर हप्ता, विमा आणि पगार यांचा रोजचा वाटा. परतीला रिकामं यायचं असेल तर भाडं किती सांगायचं हे आता त्याला कोणाला विचारावं लागणार नाही. ते दोन रुपये खरोखर बाजूला टाका. टायरचा सेट बदलायची वेळ आली की सोनं गहाण ठेवणारी घरं ही रक्कम खर्चून बसलेली असतात.

कर्ज फिटल्यावर गाडी कोणाची, हेही आजच ठरवा आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या करून ठेवा. भावजया घरात आल्यावर हा प्रश्न विचारणं अवघड होतं.

पुढे गाडी विकायची झाली तर?

आता तुम्ही विकणारे, म्हणजे घाई तुम्हाला हवी. फॉर्म २९ ची प्रत आणि आरटीओत दिल्याचा पुरावा जपून ठेवा. गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून ताबा पावती घ्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि फोटोसह. ॲपवर नवं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर गाडी दुसऱ्याची झाली तरी खालापूरचा टोल तुमच्याच खात्यातून कापला जातो.